फळीवरचा फोन

जुन्नर,
४ नोव्हेंबर २०२४

प्रतीक्षाबाईंना आरफाचा सलाम.

पाकिटाला एवढ्या पिना का, म्हणून हसू नकोस. गेणभाऊंची जीप जुन्नरहून मंचरला पोचेपर्यंत नारायणगावच्या स्टँडवर अर्धा तास उभी असते, आणि गेणभाऊ माणूस चांगला असला तरी त्याला वाचता येतं.

वेबसाइट बनवणाऱ्या बाईला कागदावर पत्र लिहिणारी मीच एकटी असेन. पण आमच्या घरचं तुला माहीत आहे. माझा भाऊ अनस त्याचा फोन घेऊन सकाळी मोटारी दुरुस्त करायला जातो. घरात एकच मोठा फोन, टीव्हीशेजारच्या फळीवर. अम्मीचा अंगठा, कमरजहाँभाभीचा अंगठा, माझा अंगठा, सगळे त्याला पाठ. त्यावर तुला मेसेज करायचा म्हणजे चौकात उभं राहून बोलायचं. दुकानातला माझा फोन बटणांचा आणि गिऱ्हाईक कान टवकारून. लग्नात तोंड पोळून माहेरी परतलेय मी, आता ताकही फुंकून पिते, हे तुला नव्याने सांगायला नको.

काम असं. 'हाताला काम' ही आपली साइट बायकांना आवडली. ओतूरपासून बायका उघडतात. पण तक्रार एकच. दर वेळी गाव निवडा, काम निवडा, येऊन-जाऊन की राहून ते सांगा, अक्षरं मोठी करा. परवा कापड घ्यायला आलेली एक जण म्हणाली, "ताई, तुमची साइट लई इसरभोळी हाय. काल सांगितल्यालं आज ध्यानात न्हाई तिच्या."

तर तिला लक्षात ठेवायला शिकव. आणि हे जे लक्षात राहणार ते कुठे राहणार आणि कोण कोण बघणार, ते मला आधी लिहून कळव. मगच हात लाव.

तुझी,
आरफा

*

मंचर,
८ नोव्हेंबर

आरफा,

जय भीम. तुझ्या पिना उपटताना माझं नख मोडलं. पुढच्या वेळी लाखेची मोहोर लाव, म्हणजे शोभून दिसेल.

ऐक. लक्षात ठेवायचे दोन रस्ते आहेत आणि दोन्हींत माहिती त्या बाईच्या फोनमध्येच राहते. पहिला रस्ता कुकीचा. कुकी म्हणजे खायची नव्हे, एक चिठ्ठी. आपली साइट ती फोनमध्ये ठेवते, आणि बाईने साइट उघडली की फोन ती चिठ्ठी आपल्या सर्व्हरला दाखवतो. सर्व्हर वाचतो, 'बरं, हिला शिवणकाम हवंय, नारायणगावात', आणि तसं पान देतो. दुसरा रस्ता ब्राउझरच्या साठवणीचा. ते फोनमधलंच एक कपाट समज. त्यात ठेवलेलं आपणहून कुठेही जात नाही. पान उघडलं की तिथल्या तिथे कपाटातून काढून घेतं. मला दिसतसुद्धा नाही.

माझं मत विचारशील तर कुकी. कारण चिठ्ठीला मुदत घालता येते. ब्राउझर बंद केला की किंवा एक दिवसाने ती आपोआप मरते. कपाटाला मुदत नसते. कुणी पुसेपर्यंत त्यात ठेवलेलं तसंच राहतं.

म्हणून एक विचारते. या बायकांचे फोन त्यांच्या एकटीचे असतात का? आमच्या ऑफिसात सगळे धरून चालतात की एक माणूस, एक फोन. मीही आता तसंच धरायला लागलेय. पण वारूळवाडीला आमच्या घरीही एकच फोन होता, आणि भागुजीअण्णा, म्हणजे माझे वडील, त्यावर कीर्तन लावून झोपी जायचे.

प्रतीक्षा

*

जुन्नर,
१२ नोव्हेंबर

प्रतीक्षा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एक वाक्य अडकलं. 'सर्व्हरला दाखवतो.' सर्व्हर कुणाचा? तुझा. म्हणजे कोणत्या गावची बाई कुठलं काम शोधते, राहायला तयार आहे का, हे सगळं तुझ्या घरी येऊन पडणार.

राग मानू नकोस, पण तुझ्या घरी तू एकटी नाहीस. तुझे दीर आदेशभाऊ टोमॅटोच्या गाळ्यांना मजूर पुरवतात. कुठल्या गावात किती बायका कामाला अडल्यात, हे ज्या ठेकेदाराला आधी कळलं त्याने मजुरी पाडलीच म्हणून समज. तू सांगशील असं म्हणत नाही. पण तू चहा करायला उठलीस आणि तुझं मशीन उघडं राहिलं, तर? एकाच छपराखाली काय लपतं?

तेव्हा कपाट. जे काय राहायचं ते त्या बाईच्या फोनमध्ये, तिच्या घरात राहू दे. फोन एकटीचा असो नाही तर चौघींचा, घरातलाच ना? घरात कोण परकं आहे? बाहेर गेलेली गोष्टच माणसाला बुडवते.

मुदतबिदत नको. बायकांना रोज रोज भरायचं नाहीये, हाच तर मूळ मुद्दा आहे.

आरफा

*

मंचर,
१९ नोव्हेंबर

आरफा,

कपाट केलं. कालपासून साइट सगळं फोनमध्येच ठेवते. माझ्याकडे काही येत नाही, आदेशभाऊंकडे तर नाहीच. आता निवांत झोप.

शाळेत माझ्या डब्यातली चटणी तू न विचारता संपवायचीस. तेव्हा तुला कधी वाटलं नाही की हिच्या घरचं काय असेल. जाऊ दे. कामाचं बिल पाठवत नाही, कारण त्यातही तुला काहीतरी दिसेल.

प्रतीक्षा

*

जुन्नर,
७ डिसेंबर

प्रतीक्षा,

मागच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण राग होता. आता राग बाजूला ठेवून विचारते, तू खरंच कपाट केलंस का?

काल मी घरच्या फोनवर साइट उघडली. नारायणगावच्या एका दवाखान्याला आया हव्यात, ते टाकायचं होतं. पान उघडलं आणि बघते तर आधीच सगळं निवडलेलं. काम, स्वयंपाकाचं. गाव, आंबेगाव तालुका. 'येऊन-जाऊन' नाही, 'राहून'. आणि 'लवकरात लवकर' या खुणेवर टिचकी. अक्षरं तर एवढी मोठी करून ठेवलेली की पडद्यावर चार ओळी मावत होत्या. मी यातलं काहीच केलेलं नाही.

आमच्या घरातून कोण आंबेगावात राहून स्वयंपाक करायला जाईल? हे दुसऱ्या कुणा बाईचं आमच्या फोनवर आलंय. म्हणजे कुठेतरी एकत्र साठतंय आणि सरमिसळ होतेय. म्हणजे सर्व्हर. मला शब्दांत गुंडाळू नकोस. आंबेगाव तुमचा तालुका आहे, एवढंही मला कळतं.

आरफा

*

मंचर,
१० डिसेंबर

आरफा,

तुझ्या संशयाला आता हद्द राहिली नाही. सरळ सांगते.

दुसऱ्या फोनवरचं तुमच्या फोनवर येऊच शकत नाही. कपाट त्या फोनचं, चावी त्या फोनची. तुमच्या पडद्यावर जे निवडलेलं दिसलं ते तुमच्याच फोनवर, तुमच्याच घरात, कुणाच्या तरी बोटाने निवडलेलं आहे. मी मंचरला बसून ते करू शकत नाही आणि आदेशभाऊ तर साधा पासवर्ड बदलायला मला हाक मारतात.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आधी घरात बघ, मग माझ्याकडे बोट दाखव.

प्रतीक्षा

*

जुन्नर,
१६ डिसेंबर

प्रतीक्षा,

तुझी माफी मागते. तू म्हणालीस तसं घरात बघितलं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी फोनवरच्या सगळ्या खुणा उलट्या करून ठेवल्या. गाव जुन्नर, काम शिवणाचं, अक्षरं बारीक. आणि दुकानात गेले. दुपारी जेवायला आले तेव्हा फोन आपल्या जागी, पण साइट उघडली तर पुन्हा स्वयंपाक, पुन्हा आंबेगाव, पुन्हा 'राहून', अक्षरंही पुन्हा तेवढीच मोठी. अनस कामावर. घरात फक्त भाभी आणि अम्मी, आणि अम्मी टीव्हीसमोर मालिका लावून मटार सोलत बसलेली.

म्हणजे कमरजहाँ. पंचवीस वर्षांची पोर, दोन वर्षं झाली निकाह होऊन. तोंडावर "आपा, आपा" करते आणि मनात आमच्या घरातून निघायचं बघते. अनसला यातलं काही माहीत नाही. तो तिच्यासाठी रविवारी लेण्याद्रीच्या पायथ्याच्या बाजारातून बांगड्या आणतो, येडा.

अजून काही बोलले नाही. आधी आणखी एकदा खात्री करते. हल्ली ती फोन घेऊन न्हाणीघराकडे जाते का, कुणाशी हळू बोलते का, सगळ्यावर माझी नजर आहे. कालच विचारलं, "भाभी, तुमच्याकडं मंचरला कोण पावणं हाय का?" तर गोंधळली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

अम्मीला काही सांगितलं नाही. तिला उगाच घोर. ती परवा मंचरला डोळे दाखवायला जाणार आहे, गेणभाऊंच्या जीपने. मी म्हटलं मी येते, तर नको म्हणाली. दुकान बंद ठेवू नको म्हणाली.

आरफा

*

मंचर,
१८ डिसेंबर

आरफा,

हे पत्र गेणभाऊंना आजच परतीच्या फेरीला देतेय. मिळताच वाच.

तुझ्या वहिनीला काही बोलू नकोस. एक शब्दसुद्धा नको. अनसला तर मुळीच नको. माझ्या मागच्या पत्रात मी जे तडकून लिहिलं ते चूक नव्हतं, पण ते लिहायला नको होतं. 'तुमच्याच घरात कुणाच्या तरी बोटाने', हे मी माझी बाजू राखायला लिहिलं. त्याने कुणाचा तरी गळा धरला जाईल हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

फोन एवढंच सांगतो की कुणीतरी निवडलं. कुणी, ते तो सांगत नाही. मधलं सगळं तू भरतेयस.

का म्हणून विचारू नकोस. मला सांगता येत नाही. माझ्यावर कधीतरी एकदा विश्वास ठेव.

प्रतीक्षा

*

जुन्नर,
२४ डिसेंबर

प्रतीक्षा,

'का म्हणून विचारू नकोस.' वा! हे वाक्य माझ्या नवऱ्याच्या तोंडून मी वर्षभर ऐकलंय.

तुला कसं कळलं की मी चुकतेय? म्हणजे भाभीने तुझ्याशी संपर्क केलाय. तूच तिला काम बघून देतेयस. तुम्ही दोघींनी मिळून मला खुळ्यात काढलं. तुझं पत्र आलं, तीन-चार दिवस कळ काढली, मग मला राहवलं नाही. परवा संध्याकाळी अनससमोर तिला विचारलं. फोन तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "हे काय हाय, सांग."

ती म्हणाली, "आपा, मी न्हाई केलं. अल्लाची कसम, मी त्यात गेलेच न्हाई." मी म्हटलं, "मग काय फोनला पाय फुटलेत?" मग अनसने तिला विचारलं, "तुला हितं काय कमी हाय?" हे मात्र तिला लागलं. माझं बोलणं तिने ऐकून घेतलं असतं. त्याचं नाही घेतलं.

काल सकाळी ओतूरला गेली माहेरी. पिशवीत दोन साड्या आणि शिवणाचा डबा. अनस माझ्याशी बोलत नाही आणि तिलाही फोन करत नाही. अम्मी दोन दिवस जेवलेली नाही. काही विचारलं की भिंतीकडे तोंड करते.

आता तरी खरं सांग. तू भाभीला काय काम देतेयस?

आरफा

*

मंचर,
२६ डिसेंबर

आरफा,

मी कमरजहाँला आयुष्यात एकदाच भेटलेय, त्यांच्या लग्नात. तिच्याशी माझं बोलणं नाही, फोन नाही, काही नाही. वारूळवाडीला माझी आई द्रौपदा आहे, तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगते.

मी कुणाला तरी शब्द दिलाय, म्हणून नाव माझ्या हातून लिहिलं जाणार नाही. पण तू स्वतः मला लिहिलेलंच तुला परत विचारते.

पडद्यावर चार ओळी मावतील एवढी अक्षरं मोठी होती, असं तू ७ तारखेला लिहिलंस. तू बारीक केलीस तर पुन्हा मोठी झाली. तुमच्या घरात सुईत दोरा कोण ओवून देतं, आरफा? आणि ओवून कुणाला देतं?

एवढंच. हे वाचून झालं की पहिली गाडी धर आणि ओतूरला जा. मग घरी ये आणि मग बोल. त्या क्रमानेच कर.

प्रतीक्षा

*

जुन्नर,
५ जानेवारी २०२५

प्रतीक्षा,

तुझं पत्र दुकानात वाचलं. समोर गिऱ्हाईक अस्तराचं कापड मागत होतं आणि मला ऐकू येत नव्हतं. शटर ओढलं आणि ओतूरला गेले, तू सांगितलंस त्या क्रमाने.

भाभी दारातच उभी होती. मी तिचे हात धरले आणि म्हटलं, "चूक झाली माझी." ती म्हणाली, "आपा, तुमी चुकला त्याचं मला काय न्हाई वाटत. तुमी रोजच चुकता. त्यांनी का इचारलं तसं?" मग अनसला ओतूरला बोलावलं. तो आला, तिच्या बापासमोर मान खाली घालून बसला. ती आली परत. पण आता "आपा" म्हणत नाही. "ऐका की" म्हणते.

मग अम्मी. तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "अम्मी, फोनवर तू बघत व्हतीस का काम?"

ती म्हणाली, "हा."

मी म्हटलं, सून तुझ्यापायी माहेरी गेली, तरी गप्प राहिलीस? तर रडायला लागली. म्हणाली, "मला भ्या वाटलं तुझं." प्रतीक्षा, माझ्या आईला माझी भीती वाटते. अब्बा गेल्यापासून दुकान मी बघते, घर मी बघते, रात्री दाराला कडी मी लावते. सगळ्यांसाठीच मरतेय असं मला वाटत होतं.

म्हटलं, तुला इथे काय त्रास आहे? तर जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते. "तू वाईट न्हाईस गं. पन मी चा जरा जास्त गोड केला तरी मला वाटतं, आता आरफा इचारंल साखर का संपली. शेजारी बसून आले तर इचारंल काय बोलत व्हता. तुझा बाप व्हता तवा तो भांडायचा, पन इचारायचा न्हाई. तिकडं आंबेगावात घोडेगावच्या वसतिगृहाला सैपाकीन पायजे. तितं पोरी काय इचारतील? मावशी, आज भाजी काय. तेवढंच इचारतील."

मी भांडले. लोक काय म्हणतील, पोरांनी आईला हाकलून दिली म्हणतील, असंही म्हटलं. ती म्हणाली, "म्हनू दे. त्येंचं तोंड, त्येंचं म्हननं."

आणि ती मंचरला डोळे दाखवायला गेली नव्हती, तुझ्याकडे आली होती, हेही तिनेच सांगितलं. गेणभाऊंना मी विचारलं होतं, अम्मी कुठं उतरली. ते म्हणाले मंचर स्टँडला. तेवढ्यावर माझं समाधान झालं होतं. स्वतःच्या आईच्या मागावर जीपवाला ठेवणारी बाई आहे मी. लाज वाटते.

तुझ्या घरी येऊन ती काय बोलली, ते विचारावंसं वाटतंय. विचारत नाही.

आरफा

*

मंचर,
११ जानेवारी

आरफा,

न विचारता सांगते. आता गुपित उरलेलं नाही, आणि काल मी तुझ्या अम्मीला, अनिसामावशींना, त्या रुजू झाल्यात त्या वसतिगृहाच्या फोनवर विचारून घेतलं.

त्या आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "पोरी, तुज्या त्या साइटला माझं नाव इसरायला लाव. मी पुसते, तरी ती परत ध्यानात ठिवती." त्यांना वाटत होतं साइट बंद केली की पुसलं जातं. मी त्यांना पुसायचं बटण दाखवलं. ते एवढं खाली, एवढं बारीक होतं की त्यांना कधी सापडलंच नसतं. मोठी अक्षरं करायची सोय मी केली आणि पुसायचं बटण मात्र मोठं करायला विसरले. मग त्यांनी माझ्याकडून शब्द मागितला, आरफाला सांगू नको. मी दिला. वहिनी माहेरी गेल्याचं तुझं पत्र आलं तेव्हा तो शब्द मोडावा की राखावा, या विचारात मी जेवण करपवलं.

आणखी एक. १९ नोव्हेंबरला मी तुझ्यावर चिडले, तेव्हा एक गोष्ट लिहिली नव्हती. तुझं पत्र यायच्या दोनच दिवस आधी आदेशभाऊंनी मला खरंच विचारलं होतं. "वहिनी, तुमच्या त्या साइटवर कुठल्या गावच्या बाया जास्त येतात, ते दिसतं का?" सहज विचारल्यासारखं. मी नाही म्हटलं. सार्थकला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं, तर तो म्हणाला, भावाने विचारलं तर काय बिघडलं. तेव्हा तुझा संशय खोटा नव्हता गं. अर्धाच होता. तू बाहेरच्या चोराला कडी लावलीस आणि घरच्यांना दारं उघडी ठेवलीस. मी उलट केलं असतं. दोघींनाही एका बाईचं स्वतःचं असं काही असतं, हे सुचलं नाही.

आता नवीन केलंय ते वाच. कपाट आता आपणहून काही ठेवत नाही. निवडलेलं पान उघडं आहे तोवरच राहतं, बंद केलं की जातं. माझ्याकडे काही येत नाही. पान पहिल्यांदा उघडलं की मोठ्या अक्षरात एकच प्रश्न येतो, 'हा फोन तुमच्या एकटीचा आहे का?' 'हो' म्हटलं तरच कपाटात ठेवतं. पुसायचं बटण सगळ्यात वर आहे, भाकरीएवढं. सर्व्हरचा पासवर्ड मी बदलला. सार्थकलाही सांगितला नाही, आणि त्यावरून आमच्या घरी दोन दिवस अबोला आहे.

प्रतीक्षा

*

जुन्नर,
२३ फेब्रुवारी

प्रतीक्षा,

नवीन प्रश्नावर बायका काय करतात, ते इथे दुकानात बसून बघतेय. बहुतेक जणी 'नाही' दाबतात. मग दर वेळी भरावं लागतं म्हणून माझ्या नावाने खडे फोडतात. मी म्हणते, भरा. दोन टिचक्या जास्त लागतील, बोटं झिजणार नाहीत.

अम्मी घोडेगावला जाऊन दीड महिना झाला. पहिल्या आठवड्यात मी रोज फोन करायचे, आणि दर वेळी जेवलीस का, झोपलीस का, कुणाशी बोललीस का, हेच विचारायचे. एक दिवस वसतिगृहाच्या बाईंनी फोन घेतला आणि गोड आवाजात म्हणाल्या, "मावशी कामात हायेत." त्या खोटं बोलत होत्या, मागे अम्मीचं हसू ऐकू येत होतं. तेव्हापासून मी फक्त रविवारी करते. काय भाजी होती ते विचारते. ती सांगते, आणि मग आपणहून आणखी पुष्कळ सांगते. गंमत आहे. इतकी वर्षं खोदून जे निघालं नाही ते आता असंच येतं.

भाभीने परवा दुकानात येऊन माझ्या हातातली सुई काढून घेतली आणि दोरा ओवून दिला. मी शिवण पुढे ओढलं.

काल अम्मी पहिल्यांदा सुट्टीला आली. वजन थोडं वाढलंय. अनसने तिला नवीन फोन घेऊन दिलाय, तिचा एकटीचा. जेवायच्या आधी ती हात धुवायला मोरीत गेली आणि तो फोन ताटाशेजारी राहिला. तो वाजला. माझा हात गेला, प्रतीक्षा, मी खोटं सांगणार नाही. उचलला. कुलूप होतं. आकडे मागत होता. मान वर केली तर अम्मी पदराला हात पुसत दारात उभी.

रागावली नाही. म्हणाली, "नंबर सांगू का तुला?"

मी म्हटलं, "नको अम्मी." आणि खरंच नको होता, तुझ्या गळ्याची शपथ. मी फोन खाली ठेवला आणि ताट तिच्या पुढे सरकवलं.

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं, मी गिऱ्हाइकाच्या नोटेकडे बघते तसं. मग फोन उचलून हातपिशवीत टाकला, पिशवीची चेन ओढली, पिशवी मांडीखाली घेतली आणि जेवायला बसली.

आरफा